ओटा आणि कॉट यांच्यामधली जागा

लग्नघरातल्या मावश्यांना ज्याने नाचवलं त्याला जगात काहीही जमू शकतं, असं अक्षता मेस्त्रीचं ठाम मत होतं. हे मत हवेतून आलेलं नव्हतं. गेली काही वर्षं ती घाटकोपर आणि मुलुंडच्या हॉलांमधून नेमकं हेच करत होती. लग्नाच्या आदल्या दिवशी संगीत असतं, संगीतात नवरीच्या मावश्या, काकू, आत्या आणि एखादे अतिउत्साही मामा नाचतात, आणि त्यांना तो नाच शिकवायला भरपूर सहनशक्ती असलेलं कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे अक्षता.

या धंद्यात एक गंमत आहे, ती बाहेरच्यांना माहीत नसते. मावश्यांना नाच कधीच पाठ होत नाही. महिनाभर तालीम घेतली तरी होत नाही, कारण तालमीला त्या नाच शिकायला आलेल्याच नसतात. साड्यांचं काय ठरलं ते विचारायला आलेल्या असतात. म्हणून ऐन कार्यक्रमात शिकवणारी मुलगी काळे कपडे घालून स्टेज आणि पहिली रांग यांच्यामधल्या जागेत, व्हिडिओवाल्याच्या पायाशी उकिडवी बसते आणि अख्खा नाच हातवाऱ्यांनी करून दाखवते. मावश्या तिच्याकडे बघत बघत नाचतात. पाहुण्यांना वाटतं, बघा, मावशी कशी हसतमुखाने आपल्याकडे बघतेय. ती कसली आपल्याकडे बघतेय, ती बघत असते अक्षताकडे, पोहता न येणारा काठाकडे बघतो तशी.

उरलेल्या वेळात अक्षता स्वतः नाचायची. पुरस्कार सोहळे, कंपन्यांचे वार्षिक समारंभ, मिळेल तिथे. तिचं अंग सुरेख हलायचं, पण तिची जागा ठरलेली होती: तिसरी रांग, डावीकडे. कार्यक्रम टीव्हीवर लागला की जोगेश्वरीच्या घरी तिची आई जानकी जेवणं उरकून समोर बसायची आणि शेवटी एकच प्रश्न विचारायची. "काय गो, सगळा बघितला. तू होतीस खंय?" मग अक्षता मोबाइलवर चित्र थांबवून दाखवायची, की हा जो हात दिसतोय ना, या मोठ्या पिसाऱ्याच्या मागे, तो माझा. आई चष्मा लावून तो हात नीट बघायची आणि म्हणायची, "हात बरो आसा."

तर या हाताला नाव असावं, एवढीच अक्षताची इच्छा होती. ती फार मोठी आहे असं तिला वाटत नव्हतं.

त्या वर्षी एका न्यासाने नवोदित नर्तकांसाठी एक योजना काढली. वर्षभर एखाद्या मुरलेल्या नृत्यरचनाकाराच्या हाताखाली राहायचं, नाच बसवायला शिकायचं, आणि शेवटी स्वतःची एक रचना रंगमंचावर आणायची. अक्षताने अर्ज केला, चाचणी दिली आणि तिची निवड झाली. गुरू म्हणून तिच्या वाट्याला आल्या पार्ल्याच्या शर्मिष्ठाताई टिपणीस.

शर्मिष्ठाताईंनी साठी ओलांडली होती. केस बारीक कापलेले, एक गुडघा बदललेला, दुसरा बदलायची टाळाटाळ चाललेली. पार्ले पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्यांचा तालमीचा हॉल होता. त्या बिनसाखरेचा काळा चहा प्यायच्या आणि बोलायच्याही तसंच. त्यांच्या कार्यक्रमांची एक पद्धत होती. नाच कुणी बसवला हे आधी सांगायचं नाही. आधी नाच, मग टाळ्या, आणि मग शर्मिष्ठाताई विंगेतून स्वतः माइकवर नाव घेणार. नाव घ्यायचं की नाही, हे त्या नाच बघून ठरवणार. मागे एका मुलाच्या नाचानंतर त्यांनी माइक उचलून फक्त "दहा मिनिटांचं मध्यंतर" एवढंच म्हटलं होतं, अशी आख्यायिका होती. तो मुलगा आता विमा विकतो, अशीही होती.

अक्षताने ही आख्यायिका ऐकली आणि हसली. मावश्यांना नाचवणाऱ्या बाईला असल्या गोष्टींची भीती वाटत नाही.

नाच बसवायला तिला तीन माणसं मिळाली. माणिकताई होत्या, पन्नाशीच्या, शर्मिष्ठाताईंच्या जुन्या संचातल्या. सगळं आयुष्य कथ्थक केलेल्या आणि कुठल्याही गोष्टीने न दचकणाऱ्या. मुलुंडचा धवल होता, नवरात्रात गरब्याची बक्षिसं उचलणारा, ज्याचे पाय आधी हलायचे आणि डोकं नंतर. आणि बोरिवलीचा देवव्रत होता, आठवडाभर इंजिनिअर आणि शनिवार-रविवारी भरतनाट्यम, ज्याला प्रत्येक गोष्ट किती अंशात करायची ते आधी कळावं लागायचं.

अक्षताने जो पहिला नाच बसवला त्याचं नाव होतं 'झेप'. नावावरून आलंच लक्षात. त्यात तिला जे जे येत होतं ते सगळं होतं: गिरक्या, उड्या, जमिनीवरची घसरण, शेवटी हात आकाशाकडे. ती पुढे उभी राहायची, मोजायची, नाचायची. तिघं मागून नाचायचे. सगळे घामाघूम व्हायचे आणि खूश होऊन घरी जायचे. दोन महिन्यांनी तिने शर्मिष्ठाताईंना सांगितलं, की या आता बघायला.

ताई आल्या, वेताच्या खुर्चीवर बसल्या, कप मांडीवर ठेवला. अक्षता पुढे, तिघं मागे. नाच झकास झाला. धवलची उडी तर इतकी उंच गेली की पंख्याला लागतेय की काय असं वाटलं.

"छान," ताई म्हणाल्या. "आता इकडे ये. माझ्या शेजारी उभी राहा. पुन्हा बघू."

संगीत पुन्हा सुरू झालं. पहिल्या गिरकीपर्यंत सगळं ठीक होतं. दुसऱ्या गिरकीला देवव्रत थांबला. धवल डावीकडे जायचा तो उजवीकडे गेला आणि थांबलेल्या देवव्रतवर आदळला. माणिकताई तेवढ्या शांतपणे नाचत राहिल्या, पण त्या भलतंच काहीतरी नाचत होत्या, बहुधा पंचवीस वर्षांपूर्वीचं. आणि तिघांचेही डोळे सारखे एकाच जागेकडे जात होते, हॉलच्या मधोमध, पुढे, जिथे रोज अक्षता उभी असायची. तिथे आता नुसती फरशी होती.

"कुणाकडे बघतायत ते?" ताईंनी विचारलं.

"माझ्याकडे," अक्षता म्हणाली. "म्हणजे, माझ्या जागेकडे."

"मग नाच कुठे आहे?"

अक्षताने त्या रिकाम्या फरशीकडे बघितलं.

"तुझ्या अंगात आहे," ताई म्हणाल्या. "त्यांना तू नाच दिलाच नाहीस. तुझ्याकडे बघायची सवय दिलीस. लग्नांमध्ये तेच करतेस ना?"

हे त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. बोलल्या मात्र अगदी साध्या आवाजात, भाजी महाग झाली म्हणावं तशा. अक्षताला ओरडा परवडला असता. ती पार्ल्याहून जोगेश्वरीपर्यंत रिक्षात रडली, आणि रिक्षावाल्याने मीटर बघायचं सोडून आरशात बघितलं तेव्हा त्याच्यावर चिडलीसुद्धा. आपल्याला नाचता येतं, एवढंच येतं, आणि शेवटी आपण त्या विमा विकणाऱ्या मुलाच्या रांगेत जाऊन उभ्या राहणार, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये ती वेताची खुर्ची तिच्यासाठी मांडलेली होती.

"आजपासून तू इथे बसायचं," ताई म्हणाल्या. "उठायचं नाही. करून दाखवायचं नाही. तोंडाने सांगायचं. कार्यक्रमाच्या दिवशीही प्रेक्षकांत बसायचं, विंगेत नाही."

बसायला काय लागतं, असं वाटणाऱ्याने एकदा बसून बघावं. अक्षताचं पहिलं वाक्य होतं, "धवल, तू असा..." आणि ती उभी राहिली. ताईंनी बोटाने खाली बसवलं. दुसरं वाक्य होतं, "म्हणजे हात असा, मग असा, आणि मग असा." यात हात जोरात हलले. ताईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवायला लावले. तिसरं वाक्य झालंच नाही. आयुष्यभर जी मुलगी अंगाने बोलत आली तिच्याजवळ शब्द किती असणार? 'असं', 'तसं' आणि 'अरे यार'.

"अक्षता, तू दाखव ना एकदा," धवल काकुळतीला आला. "दोन सेकंदात होईल. ताईंना नाही सांगणार."

"मी इथेच आहे," ताई मागून म्हणाल्या.

"हात किती अंशात वर न्यायचा ते सांग फक्त," देवव्रत म्हणाला. "बाकी मी बघतो."

"मला काय माहीत किती अंशात. छान दिसेल एवढा."

असे काही आठवडे गेले. 'झेप' केव्हाच जमीनदोस्त झाली होती आणि नवीन काही उभं राहत नव्हतं. घरी आई विचारायची, आज काय नाचलीस, आणि अक्षता सांगायची, बसले होते. आईला हे शिक्षण काही पटेना. बसायचंच होतं तर मेडिकलच्या काउंटरवर माझ्या शेजारी येऊन बस, ती म्हणायची; ती स्वतः स्टेशनजवळच्या एका औषधांच्या दुकानात बिलं करायची.

मेस्त्रींचं घर जोगेश्वरी पूर्वेच्या एका पुनर्वसनाच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. एका बाजूला स्वयंपाकाचा ओटा, दुसऱ्या बाजूला कॉट, आणि मध्ये जी जागा उरते तीच त्या घराचा हमरस्ता. तिच्या एका टोकाला मोरी, दुसऱ्या टोकाला दार. सकाळी घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी त्या जागेतून जायचं असतं. आई ओट्याशी उभी राहून सगळ्यांना हाकत असते: सरक, अंग चोर, कोपर आत घे, गरम आसा, पाठ फिरव. बाबा, नंदकुमार मेस्त्री, हातात इस्त्रीचा शर्ट उंच धरून त्या गर्दीतून असे जातात की शर्टाला चुणी पडत नाही. त्यांच्या घरात कुणी कुणाला धडकत नाही. भांडणं मात्र होतात.

एका शनिवारी चहाची वेळ झाली. हॉलच्या मागच्या बाजूला एक बोळ होता, त्याच्या टोकाला शेगडी आणि चहाचं सामान. माणिकताई कपांचा ट्रे घेऊन बोळातून बाहेर निघाल्या, धवल त्याच वेळी बिस्किटं शोधायला आत घुसला, आणि देवव्रत मध्येच बुटांची नाडी बांधायला वाकला होता. ट्रे कलंडायला लागला.

"धवल, अंग चोर," अक्षता खुर्चीतून ओरडली. "माणिकताई, गरम वर. देवव्रत, कोपर आत, पाठ फिरव. आता सरका."

आणि तिघं सरकले. धवलने पोट आत घेऊन भिंतीला पाठ लावली, माणिकताईंनी ट्रे डोक्याच्या वर नेत अर्धी गिरकी घेतली, देवव्रत वाकल्या वाकल्या त्यांच्या हाताखालून वळून बाहेर आला. कपातला एक थेंब सांडला नाही. क्षणभर तिघं तसेच उभे राहिले, आपण आत्ता हे काय केलं असा चेहरा करून.

अक्षता खुर्चीतच होती. हात मांडीखाली होते. हे सगळं तिने बसल्या जागेवरून केलं होतं, आणि तिघांपैकी कुणीही तिच्याकडे बघितलं नव्हतं. बघायला वेळच नव्हता.

"चहा नंतर," शर्मिष्ठाताई मागून म्हणाल्या. "हेच पुन्हा."

तिथून पुढे घोडं जे सुटलं ते थांबेना. अक्षताने बाबांना घरची जागा मोजून द्यायला सांगितली आणि तालमीच्या फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीने दोन समांतर रेघा मारल्या: एक ओट्याची, एक कॉटची. मधल्या जागेत तीन माणसांची एक सकाळ. माणिकताई शेगडीवरचं गरम पातेलं उतरवून पलीकडे नेणार, धवल इस्त्रीचा शर्ट सांभाळत दाराकडे निघणार, देवव्रत दात घासत मोरीकडे जाणार. हातात खरी वस्तू एकही नाही, सगळं अंगाने दाखवायचं. आणि कुणी रेघेवर पाय द्यायचा नाही, कारण ती भिंत.

आता शब्दांना तोटा नव्हता. आईने इतकी वर्षं फुकट पुरवले होते ते सगळे कामाला आले. देवव्रतने सवयीने विचारलं, किती अंशात वळू, तर अक्षता म्हणाली, "घरात आई चिडलेली असताना जेवढं वळायची हिंमत होईल तेवढं." देवव्रत विचार करून वळला, आणि ते इतकं अचूक होतं की माणिकताई हसत खाली बसल्या. धवलला तिने सांगितलं, की शर्ट बाबांचा आहे आणि आज त्यांचा साहेब येणार आहे. धवलचे पाय पहिल्यांदाच डोक्याला विचारून हलले. कधी कधी ते तिघं तिने सांगितलं त्याहून वेगळंच काहीतरी करायचे आणि ते तिच्या डोक्यातल्यापेक्षा बरं असायचं. सुरुवातीला तिला याचा राग यायचा. मग नुसता थोडा हेवा वाटायला लागला, आणि शेवटी शेवटी गंमत.

कार्यक्रम अंधेरीतल्या एका छोट्या नाट्यगृहात होता. आईला जेव्हा कळलं की अक्षता स्वतः नाचणारच नाही, तेव्हा ती पिशवी भरता भरता थांबली.

"तू नाचूचा नाय, तर आमी बघूक काय येतंव?"

"मी बसवलेला नाच बघायला."

"बसवलेलो," आई म्हणाली, आणि वर्षभर तू बसूनच होतीस तेव्हा दुसरं काय होणार, अशा नजरेने तिने बाबांकडे बघितलं. पण ती आली. ठेवणीतली साडी नेसून, पुढच्या रांगेत, कारण लांबून काही दिसत नाही हा टीव्हीचा अनुभव. बाबा तिच्या शेजारी. अक्षताला दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची दिली होती. शर्मिष्ठाताई विंगेत माइकपाशी.

आधीचा नाच संपला, अंधार झाला, पुन्हा उजेड आला. रंगमंचावर रेघा नव्हत्या.

सकाळी तिने स्वतः गुडघ्यांवर बसून त्या चिकटवल्या होत्या. आधीच्या नाचात मुली जमिनीवर लोळत होत्या, पट्टी सुटून कुणाच्या तरी पायाला चिकटली असणार, आणि मधल्या अंधारात कुणीतरी शहाण्याने ती उपटून टाकली. समोर आता नुसता मोकळा रंगमंच होता, मैदानासारखा. त्यात तीन माणसं अंग चोरून का चालतायत, हे कुणाला कळणार? देवव्रत, ज्याला रेघ नसेल तर श्वासही घेता येत नाही, तो तर पहिल्याच वळणाला थांबणार. मग मध्यंतर.

हे सगळं तिच्या डोक्यात येईपर्यंत ती खुर्चीतून उठलीही होती. रंगमंच आणि पहिली रांग यांच्यामध्ये तीच ओळखीची जागा होती, आणि व्हिडिओवालाही होता. ती वाकून सुळकन त्याच्या पायाशी जाऊन उकिडवी बसली. वर्षभराची शिकवण एका क्षणात धुऊन गेली. तिने दोन्ही हात उचलले, की इथे ओटा, इथे कॉट, बघा माझ्याकडे.

माणिकताई गरम पातेलं घेऊन वळल्या. त्यांची नजर अक्षताच्या डोक्यावरून गेली. तिला टाळलं असंही नाही. तिथे त्यांना ओटा दिसत होता, आणि ओट्याजागी बसलेली मुलगी दिसायचं कारण नव्हतं. मागून धवल आला, शर्ट उंच धरून, पोट आत घेऊन, आणि जिथे रेघ नव्हती तिथे भिंतीला पाठ लावून सरकला. देवव्रत आला. अक्षताचे हात वरच राहिले. देवव्रत मोरीकडे निघाला, वाटेत माणिकताई आल्या, आणि तो आई चिडली असताना वळावं तेवढाच वळला, तसूभरही जास्त नाही. प्रेक्षकांत कुणीतरी खुदकन हसलं. मग बरेच जण हसले.

तिघांपैकी एकानेही खाली बघितलं नाही. अक्षताचे हात हळूहळू खाली आले. इतकी वर्षं या जागेत बसून तिने माणसांना नाचवलं होतं, आणि आज पहिल्यांदाच तिथे तिला काही काम नव्हतं. तिला वाईट वाटलं, अगदी खरं वाईट वाटलं, आणि त्याच्याबरोबरच इतका आनंद झाला की दोन्हींचं काय करावं ते कळेना. आता उठून परत जाणंही शक्य नव्हतं, म्हणून तिने नुसती मान वळवली.

इतक्या वर्षांत तिने त्या जागेवरून कधी मागे बघितलं नव्हतं. समोर पहिली रांग होती, रंगमंचाच्या उजेडात अर्धी उजळलेली. आई पुढे झुकून बसली होती. रंगमंचावर माणिकताई ते गरम पातेलं घेऊन अगदी पुढे, कडेपर्यंत आल्या, आणि आईने गुडघे आत घेतले. साडीचा घोळ मुठीत धरून तिने पाय खुर्चीखाली ओढले आणि कोपराने बाबांना ढोसलं. बाबा निमूटपणे सरकले. माणिकताई वळून गेल्यावर आईने पाय पुन्हा पुढे सोडले. हे आपण केलं याचा तिला पत्ताही नव्हता.

अक्षता नाचाचा उरलेला भाग बघूच शकली नाही. ती आईचे गुडघे बघत बसली.

टाळ्या पडल्या. अंधार झाला. मग बराच वेळ काहीच झालं नाही. माइक सुरू झाल्याची खरखर ऐकू आली आणि अक्षताने डोळे मिटून घेतले. विंगेतून ही जागा स्वच्छ दिसते, हे तिला आता आठवलं.

"रचना," शर्मिष्ठाताईंचा आवाज आला, "अक्षता मेस्त्री. त्या तिथे खाली बसलेल्या आहेत."

दिवे लागले. सगळं नाट्यगृह वळून त्या उकिडव्या मुलीकडे बघायला लागलं. व्हिडिओवाल्याने कॅमेरा फिरवला. अक्षताचे दोन्ही पाय झोपले होते, तिला उठताही येईना, शेवटी त्यानेच हात देऊन उभं केलं.

नंतर विंगेत ती ताईंसमोर मान खाली घालून उभी राहिली. "ताई, मी उठले."

"बघितलं मी," ताई म्हणाल्या. "तू उठलीस ते बघितलं. तुझ्याकडे कुणी बघितलं नाही, तेही बघितलं." एवढं बोलून त्या चहा कुठे मिळतो ते विचारायला निघून गेल्या.

आई-बाबा मागच्या दाराने आत आले. आईने आधी धवल आणि देवव्रतला निरखून बघितलं, मग माणिकताईंच्या हाताकडे बघितलं, जणू ते पातेलं अजून तिथेच असावं. मग अक्षताला जरा बाजूला घेतलं.

"बरा झाला," ती म्हणाली. "पण तुज्या त्या बाईन पातेला उतरवल्यान आणि गॅस बंद करूक इसारली. माजो सगळो जीव थयसर. घर पेटला असता."

अक्षताने आठवून बघितलं. खरंच, गॅस कुणीच बंद करत नव्हतं. इतक्या तालमी झाल्या, ते तिला सुचलं नव्हतं, ताईंनाही नाही. "पुढच्या प्रयोगात करू, आई," ती म्हणाली.

"कर," आई म्हणाली, आणि पिशवीतून डबा काढून माणिकताईंना आंबोळी द्यायला गेली. तू होतीस कुठे, हे मात्र तिने या वेळी विचारलं नाही.